नऊ तारखेची पाटी

मधुरानं माऊसचं चाक पुढे फिरवलं तशी पडद्यावरची पोती मोठी होत गेली. विणीतले धागे वेगळे दिसायला लागले, मग नुसते पिवळट चौकोन उरले. तिनं चाक उलटं फिरवलं. डाग परत दिसला. तो एका पोत्यावरचा नव्हता. जहाजाच्या पोटात, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, सगळ्यात वरच्या थरातल्या पोत्यांवरून ओलाव्याची एक रेघ सरळ गेली होती. पट्टीनं आखावी तशी.

"चहा गार होऊन राहिला," तिच्या सासूबाई सुनंदाबाई म्हणाल्या. त्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटर सोलत बसल्या होत्या. त्यांच्या गुडघ्याला लागून, दुपट्यात गुंडाळलेली मधुराची पाच महिन्यांची मीरा झोपली होती.

"घेते, आई."

"तिसऱ्यांदा म्हटलंस."

मधुरा उठली, पण चहाकडे न जाता मीरापाशी वाकली. तर्जनीची मागची बाजू तिच्या नाकाखाली धरून मनात दहापर्यंत मोजलं, आणि परत खुर्चीवर येऊन बसली. सुनंदाबाईंनी मान वर केली नाही. फक्त शेंग सोलणारा अंगठा तेवढा वेळ थांबला होता.

मधुरानं समुद्र आयुष्यात दोनदा पाहिला होता, तोही सहलीत. तरी तिची नोकरी जहाजांची होती. गांधीधामची एक कंपनी मालाची तपासणी करायची. माल चढवण्याआधी जहाजाचे होल्ड, म्हणजे माल भरायच्या त्या प्रचंड खोल्या, स्वच्छ आणि कोरड्या आहेत का, त्यांवरची लोखंडी झाकणं पाणी अडवतात का. चढवताना पोती कशी आहेत, किती आहेत. आणि पलीकडच्या बंदरात उतरवताना ती कोणत्या अवस्थेत निघाली. सर्वेयर फोटो पाठवायचे, घाईत लिहिलेले कागद पाठवायचे, आणि इकडे उज्जैनला, नानाखेड्याच्या कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर बसून मधुरा त्यांचा नीट इंग्रजी रिपोर्ट करायची. त्या सर्वेयरांतला एक तिचा नवरा होता. मंदार महिन्यातले वीसेक दिवस कांडल्याला असायचा, आणि लग्नानंतर घरबसल्या करता येईल म्हणून हे काम त्यानंच तिला मिळवून दिलं होतं.

ही पोती सोयामीलची, म्हणजे तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीची होती. देवास रोडवरच्या एका प्लांटमधून निघालेली, डिसेंबरात ‘तारिणी’ नावाच्या जहाजावर चढलेली, आणि गेल्या आठवड्यात बांगलादेशात चट्टोग्रामला उतरलेली. दोन नंबरच्या होल्डमधली चारशे बारा पोती ओली निघाली. तिथल्या सर्वेयरनं ओल्या पोत्यावर सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून फोटो काढला होता. थेंब दुधासारखा पांढरा फुटला होता. मधुराला समजून घ्यायला खालचा मजकूर वाचावा लागला नाही, एम.एस्सी.ला असताना तिनं ही परीक्षा कितीदा केली होती. पांढरं झालं, म्हणजे मीठ. म्हणजे हे पावसाचं पाणी नव्हतं, आतल्या वाफेचं नव्हतं. समुद्राचं होतं.

आता समुद्र पोत्यांपर्यंत पोचायला दोनच वाटा होत्या. जहाज खोल पाण्यात उभं होतं आणि धक्क्यापासून तिथपर्यंत पोती उघड्या बार्जमधून, म्हणजे सपाट तळाच्या होडीतून नेली होती. तेव्हा लाटांचं पाणी उडून ती भिजली असतील. नाहीतर जहाज निघाल्यावर झाकण गळलं असेल. बार्जवर कंपनीचे दुसरे सर्वेयर, वसंतकाका होते. त्यांनी लिहिलं होतं, बार्ज कोरडी, ताडपत्री बांधलेली, एकही पोतं ओलं नाही. झाकण मंदारनं तपासलं होतं. त्यानं लिहिलं होतं, दोन नंबरच्या झाकणावर पाइपनं पाण्याचा मारा करून पाहिला, गळती नाही.

दोघांचंही मधुरानंच डिसेंबरात टाइप केलं होतं. एकाच दुपारी, बहुतेक.

फोन वाजला. गांधीधामच्या ऑफिसातले साहेब, यज्ञेश्वरसर. तिनं आवाज कमी करून कानाला लावला आणि स्वयंपाकघरात गेली.

"मॅडम, समरी झाली का?"

"करतेय, सर."

"त्यात विचार काय करायचा? झाकण ओके आहे, फोटो आहे आपल्याकडे. राहिलं काय? बार्ज. तसं लिहा आणि साडेपाचपर्यंत पाठवून द्या. विमावाले डोक्यावर बसलेत."

"सर, वसंतकाकांच्या रिपोर्टमध्ये तर…"

"मी बोललोय त्यांच्याशी. वय झालंय त्यांचं, बघायचं राहिलं असेल." मग थोडं थांबून, "हे बघा, ज्याची चूक निघेल त्याचं नाव सर्वेयरांच्या यादीतून काढायला लागणार. मला पण बरं नाही वाटत. पण दोघांपैकी एकाचं तर खोटं आहे ना? आणि फोटो एकाकडेच आहे."

फोन ठेवल्यावर ती ओट्याला टेकून उभी राहिली. गॅसचं बटण बंद होतं. तरीही तिनं ते दाबून पाहिलं. दुसरंही पाहिलं.

तिला ती रेघ सोडत नव्हती. बार्जवर पोती भिजली असती तर ती क्रेनच्या जाळीतून वर जाताना, होल्डमध्ये रचताना इकडेतिकडे विखुरली असती. एक ओलं, दहा कोरडी, परत एक ओलं. ती अशी शाळेच्या प्रार्थनेसारखी रांगेत कशाला उभी राहतील? तिनं जहाजाचा नकाशा उघडला. झाकणाच्या दोन पल्ल्यांचा सांधा जिथे यायचा, त्याच्या अगदी खाली ती रेघ होती. तिनं पेन्सिल पडद्यावर आडवी धरून पाहिली. मग काढली. मग परत धरली, कारण गेले काही महिने तिचा स्वतःच्या पाहण्यावर फारसा भरवसा उरला नव्हता. दुधाची बाटली उकळली की नाही, हे ती आताशा पातेल्याला हात लावून ठरवायची.

तिनं मंदारची फाइल काढली. चौदा नंबरचा फोटो. मंदारची पद्धत होती, प्रत्येक फोटोत खडूनं लिहिलेली एक काळी पाटी धरायची: जहाज, होल्ड, तारीख. इतर सर्वेयर त्याला हसायचे, मास्तर म्हणायचे. या फोटोतही पाटी होती. ‘तारिणी. होल्ड २. ९ डिसेंबर.’ पाटीच्या कडेला त्याचा अंगठा, मागे झाकणावर उडणारं पाणी, त्यात चमकणारं भर दुपारचं ऊन.

नऊ.

"आई," ती म्हणाली, "मीराला दवाखान्यात नेलं होतं, मंदार आला होता तेव्हा, ती तारीख कोणती हो?"

"असेल दहा-अकरा." सुनंदाबाईंनी शेंगांचा नवा ढीग पुढे ओढला. "आता कशाला पाहिजे?"

"नऊ असेल का?"

"तुला हल्ली तारखा राहतात कुठे? परवा दूधवाल्या भय्याला दोनदा जाऊन सांगितलंस, उद्या नको म्हणून. बिचारा मला विचारतो, अम्माजी, एक दिन कि दो दिन?"

मधुरा हसली, कारण हसायला हवं होतं. मग कपाटातून मीराची फाइल काढली. टॉवर चौकाजवळच्या दवाखान्याचा निळा कागद. ताप एकशे एक पॉइंट चार, वजन सहा किलो शंभर. वर मुलीचं नाव, आईचं नाव, पत्ता, सगळं मंदारच्या अक्षरात. रांगेत उभं राहून त्यानंच फॉर्म भरला होता. मीरा त्याच्या खांद्यावर होती आणि त्यानं कागद भिंतीवर ठेवून लिहिलं होतं, हेसुद्धा तिला आठवलं.

९ डिसेंबर. सकाळी अकरा दहा.

तिनं कागद लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. पाटीवर नऊ, कागदावर नऊ. माणूस एकच.

एवढं तर सरळ होतं. आठ तारखेला संध्याकाळी मीराचं अंग तापायला लागलं, आठच्या सुमाराला मधुरानं मंदारला फोन केला, त्यावर ती खूप रडली, आणि सकाळी पावणेसातला तो दारात उभा होता. तिच्या रडण्यामुळे तो आला आणि झाकण राहून गेलं. छातीत काहीतरी खाली बसल्यासारखं झालं. पण ते पुरतं बसलंही नाही, कारण फोटोतलं ऊन दुपारचं होतं. नऊ तारखेच्या दुपारी तो इथे होता. म्हणजे तो फोटो आठ तारखेच्या दुपारचा, एक नंबरच्या झाकणाचा. फाइलीप्रमाणे आठला तेच तपासलं होतं. आणि आठच्या दुपारी त्यानं पाटी पुसून तिच्यावर दोन नंबर आणि दुसऱ्या दिवसाची तारीख लिहिली होती.

दुपारी. तिचा फोन यायच्या कितीतरी आधी. ताप यायच्या आधी.

तिनं फोनमधली जुनी यादी मागे मागे नेली. ८ डिसेंबर, रात्री आठ वाजून सात मिनिटं, अकरा मिनिटं बोलणं. तिची चूक नव्हती. मग त्यानं दुपारीच खोटी तारीख का लिहिली? नेहमीच लिहितो का? तिनं नोव्हेंबरच्या एका जहाजाची फाइल उघडली, मग ऑक्टोबरच्या. सगळीकडे पाटी, सगळीकडे अंगठा, तारखा ओळीत. ऊन कुठे सकाळचं, कुठे उतरतीचं. तिला काहीच कळेना. आपण आजवर किती ठिकाणी ‘स्वतः हजर राहून तपासले’ असं टाइप केलंय, ते मोजायला तिनं सुरुवात केली आणि सोडून दिलं.

मीरा कुरकुरली. मधुरा उठायच्या आत सुनंदाबाईंनी तिला उचलून मांडीवर घेतलं होतं. हे नेहमीचं होतं. मधुराला त्याचा थोडा राग यायचा, आणि आलेल्या रागाची लाज वाटायची.

"मी घेते ना, आई."

"तू काम कर. घाई करून राहिला असेल ना तुझा साहेब?" मीराला आणि मटराचं वर्तमानपत्र उचलून त्या स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

एवढ्यात वसंतकाकांचा फोन आला. ते तिच्या सासऱ्यांचे रेल्वेतले सोबती, मूळचे इथलेच, निवृत्त झाल्यावर मुलाकडे गांधीधामला राहायला गेलेले. मंदारला या कामाला त्यांनीच लावलं होतं.

"सूनबाई, काय म्हणतेस? थंडी आहे का तिकडे?"

"आहे, काका. तुम्ही कसे आहात?"

"मी एकदम फर्स्टक्लास. वहिनी काय करतात? मटर आले असतील ना बाजारात. इथला मटर म्हणजे बंदुकीच्या गोळ्या." ते हसले. मग खोकले. "यज्ञेश्वरचा फोन आला होता मला सकाळी."

मधुरानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बार्जवर ओलं झालं असं लिहायचंय म्हणे. मी काही बोललो नाही. तो लहान आहे माझ्यापेक्षा, आणि साहेब आहे. दोन्ही एकदम असलं की त्या माणसाशी भांडता येत नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "पण माझी बार्ज कोरडी होती, सूनबाई. मी स्वतः ताडपत्रीखाली हात घालून पाहिलं होतं, चारही कोपऱ्यांत. तू काय लिहायचं ते लिही. फक्त तुला माहीत असावं म्हणून सांगितलं."

"काका, मंदार… त्या नऊ तारखेला…"

"घरी आला होता ना. मला सांगून गेला तो. काका, घरी जावं लागतंय, चेहरा हा एवढासा. मी म्हटलं, जा भिया, इथे मी आहे. मला वाटलं झाकणाचं उरकून चाललाय." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "बरं आहे ना आता सगळं?"

"हो. मीरा छान आहे."

"हां," वसंतकाका म्हणाले. "मीरा पण."

फोन बंद झाल्यावर ती तो ‘पण’ हातात धरल्यासारखी बसून राहिली. मग वेळ पाहिली. सव्वातीन. तिनं मंदारला फोन लावला. तिकडे क्रेनचा आवाज येत होता.

"बोल. मीरा उठली का?"

"उठली. आईंजवळ आहे. मंदार, ‘तारिणी’चं दोन नंबरचं झाकण तू तपासलं होतंस?"

क्रेनचा आवाज आला, कुणीतरी हिंदीत ओरडलं, मग दार लागल्यासारखा आवाज, आणि सगळं शांत झालं. तो कुठल्यातरी खोलीत गेला असावा.

"एक नंबरचं तपासलं होतं," तो म्हणाला. "दोन्हीची रबरं एकदमच बदलली होती, जहाजावरचा अधिकारी, मेट म्हणाला होता. एक धरतंय तर दुसरं पण धरेल…"

"म्हणजे नाही."

"नाही."

"आणि पाटी?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी तुला रात्री आठला फोन केला, मंदार. फोटो दुपारचा आहे. तुला दुपारीच कसं माहीत, तू नऊला तिथे नसणार?"

"संध्याकाळी बोलू यावर."

"साडेपाचला पाठवायचंय."

"मग तुला जे दिसतंय ते लिही."

"मला काय दिसतंय तेच कळत नाहीये!" ती मोठ्यानं बोलली. स्वयंपाकघराच्या दारातून सुनंदाबाईंनी पाहिलं. मीरानंही. मधुरानं आवाज खाली आणला. "तिकडे वसंतकाकांचं नाव काढतील. नाहीतर तुझं काढतील. मी काय लिहू, सांग ना. तू सांगशील ते लिहिते."

ती हे खरंच म्हणत होती का, तिला माहीत नव्हतं. त्यानं हो म्हटलं असतं तर कदाचित लिहिलंही असतं.

"असं नको करू, मधू," मंदार म्हणाला. "तू तुझ्यासारखं लिही." आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्यानं फोन ठेवला.

ती अर्धा तास काही न करता बसली. खाली गल्लीत गॅसगाडीवाला लोखंडी पान्यानं सिलिंडर वाजवत गेला. समोरच्या गच्चीवर दोन मुली पतंगाची गुंतलेली दोरी सोडवत होत्या. एक ओढायची, दुसरी ओरडायची. मग मधुरानं नवीन पान उघडलं आणि लिहायला घेतलं.

ओलाव्याची रेघ झाकणाच्या सांध्याखाली आहे, हे लिहिलं. नकाशा लावला. बार्जवर भिजलेली पोती अशा रांगेत येणं शक्य नाही, हे लिहिलं. चढवतानाच्या तपासणीत दोष दिसत नाही, हे लिहिताना वसंतकाकांचं पूर्ण नाव टाइप केलं, वसंत यशवंत टिल्लू, आणि एकदा तपासून पाहिलं. मग दोन नंबरचं झाकण. छापील नमुन्यात एक रकाना होता. दोन वर्षांत तिला तो कधी भरावा लागला नव्हता. ‘तपासणी झाली नसल्यास कारण.’ तिनं लिहिलं: सर्वेयर ९ डिसेंबरला जहाजावर हजर नव्हते. जोडलेला फोटो क्रमांक चौदा एक नंबरच्या होल्डचा, आदल्या दिवशीचा आहे. कारण, मुलीचं आजारपण.

इंग्रजीत ते फार लहान दिसलं.

कंपनीत नियम होता की साहेबांकडे जाण्याआधी मसुदा त्या त्या सर्वेयरला दाखवायचा आणि त्याचा ‘ओके’ घ्यायचा. वसंतकाकांना पाठवला तर दोन मिनिटांत उत्तर आलं: हात जोडलेले, बाकी काही नाही. मंदारला पाठवताना तिचं बोट थोडं थांबलं. त्याच्या निळ्या खुणा लगेच आल्या. मग ‘टाइप करत आहे’ असं दिसलं, गेलं, परत दिसलं, परत गेलं. ती फोन उपडा ठेवून मीराचे कपडे घड्या करायला लागली. बाही आत, बाही आत, मधून दुमड. सात झबली झाली तेव्हा फोन वाजला.

एक फोटो होता. खाली लिहिलं होतं: ‘हे शेवटी जोड. नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणार नाहीत. ओके.’

बसचं तिकीट होतं. मंदारचं नाव, एक प्रवासी, स्लीपर. गांधीधाम ते उज्जैन, नानाखेडा बस स्टँड. ८ डिसेंबर. सुटण्याची वेळ दुपारी तीन पंचेचाळीस.

मधुरानं ते वाचलं, आणि घड्या केलेलं झबलं परत उघडून परत घडी केली.

तीन पंचेचाळीस. गांधीधामहून इथे यायला पंधरा तास लागतात. हे तिला माहीत होतं, तो दर महिन्याला यायचा. रात्री आठला फोन केला आणि पावणेसातला तो दारात उभा राहिला, यात न बसणारं काहीतरी आहे, हे महिनाभरात तिच्या डोक्यात आलं नव्हतं. पोत्यांवरची रेघ तिनं पेन्सिल धरून मोजली होती. हे मोजलं नव्हतं. म्हणजे ती आठला रडत होती तेव्हा तो बसमध्ये होता. निघालेलाच होता. आणि अकरा मिनिटं, मी येतो, मी येतो, एवढंच म्हणत राहिला होता.

ती स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. मीरा झोळीत परत झोपली होती. सुनंदाबाई दाणे वेगळे करून टरफलं गोळा करत होत्या.

"आई, आठ तारखेला तुम्ही मंदारला फोन केला होतात?"

टरफलांवरचा हात थांबला. त्या काहीतरी दुसरं बोलतील असं मधुराला वाटलं. पण त्या म्हणाल्या, "केला होता."

"किती वाजता?"

"साडेअकरा-बारा असतील. तू आंघोळीला गेली होतीस."

"पण मीराला ताप संध्याकाळी आला."

"हो."

"मग?"

सुनंदाबाईंनी टरफलं वर्तमानपत्राच्या मधोमध सारली, परत पसरली. "मीरासाठी नव्हताच केला," त्या म्हणाल्या.

झोळीची दोरी कड्यात हलकी करकरत होती.

"त्या दिवशी सकाळी तू गॅलरीच्या दाराला ओढणीनं गाठी मारून राहिली होतीस," सुनंदाबाई टरफलांकडे पाहत म्हणाल्या. "एकावर एक, एकावर एक. मी म्हटलं, क्यूं गं, हे काय चाललंय? तर म्हणालीस, मी रात्री उठून दार उघडलं तर? मीरा माझ्या हातात असली तर? मला माझा भरवसा नाही, आई."

"मी?"

"तू."

"असं म्हणाले?"

"अगदी शांत म्हणालीस. रडतबिडत नव्हतीस. त्याचंच मला भ्या वाटलं. तीन रात्री तू डोळा लावला नव्हतास." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "मग मंदारला म्हटलं, जहाज गेलं तिकडे, तू आत्ताच्या आत्ता निघ. तुझी बायको ठीक नाही. तो म्हणाला, उद्याचं एक काम आहे, आई, ते करून रात्री निघतो. मी म्हटलं, नाही. आत्ता."

मधुराला ओढणी आठवली. पिवळी, बांधणीची. डिसेंबरात कधीतरी तिला ती पलंगाखाली सापडली होती, सगळीकडून पीळ पडलेली, आणि तिनं ती इस्त्री करून ठेवली होती. इस्त्री करताना, ही अशी कशी चुरगळली, असा विचारही केला होता. त्याच्या पलीकडे काही नव्हतं. दार नव्हतं, गाठी नव्हत्या, तो आवाज नव्हता.

"मला आठवत नाहीये, आई."

"माहीत आहे मला."

"तुम्ही सांगितलं का नाही? कुणीच नाही. वसंतकाकांना पण माहीत आहे."

"काय सांगायचं, बेटा? तुला आधीच काय कमी डर होते?" सुनंदाबाई प्रथमच वर पाहत म्हणाल्या. "संध्याकाळी मीरा तापली, तर मला वाटलं, चला, बरं झालं. त्याच्या येण्याला कारण मिळालं. देव मला माफ करो. नातीला ताप आला, आणि मला बरं वाटलं."

मग मधुरा बाहेरच्या खोलीत आली. पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. पडद्यावर रकाना उघडाच होता. तिनं तो पहिल्यापासून वाचला, दुसऱ्या कुणीतरी पाठवलेला असावा तसा. मग ‘मुलीचं’ हा शब्द पुसला. ‘आजारपण’ राहिलं. त्याच्याआधी काही लिहावं म्हणून तिची बोटं तिथे थोडा वेळ थांबली. तिनं काही लिहिलं नाही. शेवटी तिकीट जोडलं, त्याला क्रमांक दिला, आणि यज्ञेश्वरसरांना पाठवून दिलं.

मिनिटाभरात फोन वाजायला लागला. तिनं तो तसाच वाजू दिला, स्वयंपाकघरात गेली, आणि सुनंदाबाईंच्या समोर वर्तमानपत्राच्या दुसऱ्या कडेला मांडी घालून बसली.

"अजून काय काय म्हणाले होते मी?" तिनं विचारलं. "सगळं सांगा. पहिल्यापासून."

सुनंदाबाईंनी हातातली टरफलं खाली ठेवली.